पुलीवरची चुन्याची रेघ

लढाईच्या सालांत मी साखरा ते हिंगोली उतारूंची सर्विस मोटार चालवायचो. सकाळी साखऱ्याहून निघायचं, सेनगाव, नरसी करत हिंगोली गाठायची अन् दिवस मावळायच्या आत परत यायचं. मोटार मालकाची, मालक हिंगोलीत, मी नुसता डायव्हर. पण रस्त्यावरच्या लोकांच्या लेखी मोटार माझीच होती आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं. बॉनेटवर कुणी कोपर टेकलं तरी मी त्याच्या अंगावर जायचो. स्वभाव पहिल्यापासून तापट, त्यात हातात चाक. मग काय विचारता.

माझा बाप गाडीवान. जन्मभर त्यानं दुसऱ्यांचा कापूस जवळा बाजार गावच्या पेठेला वाहिला. "फिरतं त्याला वंगण लागतं," एवढी एकच विद्या त्यानं मला दिली. कुरकुरणाऱ्या गाडीचा गाडीवान आळशी, असं आमच्या घरात मानायचे. बाप मेला, बैल विकले, मी मोटारीवर आलो, पण हाताची खोड बैलगाडीचीच राहिली.

मोटारीच्या इंजनाच्या पुढच्या तोंडाशी, क्रँक म्हणतात त्या मुख्य दांड्याच्या टोकावर, एक पुली असते. तिच्यावरून पंख्याचा पट्टा फिरतो. आमच्या मोटारीची पुली एकसंध नव्हती. आत तुंबा, म्हणजे दांड्यावर बसणारा मधला गाभा, बाहेर जड लोखंडी कडं आणि दोहोंच्या मधे रबराची पट्टी. ते रबर कशासाठी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं तर डायव्हरकी कमी झाली असती ना. एका उन्हाळ्यात तिथून चिरचिर आवाज यायला लागला. मी इंजनातून काढलेलं काळं तेल चिंधीवर घेतलं आणि रबरात चांगलं मुरवलं. आवाज बंद झाला. मला वाटलं, बापाची विद्या मोटारीलाही लागू पडते. मग दर शनिवारी मारुतीला तेल वाहून आलो की पुलीलाही बोटभर. वर्षभर हे व्रत मी नेमानं पाळलं.

दिवाळीनंतर मोटार थरथरायला लागली. इंजनाच्या सगळ्या चालीवर, म्हणजे वेगावर नाही, एकाच. त्या चालीवर आली की हातातलं चाक, पायाखालच्या फळ्या, समोरची काच, सगळं थरथर कापायचं. त्याच्या खाली ठेवली की शांत, त्याच्या पुढं रेटली की शांत. एकानं सांगितलं बेरिंग गेलं, दुसरा म्हणाला इंजनाचे बोल्ट ढिले. बोल्ट मी आवळले. काही फरक पडला नाही. चालतीय ना, मग चालू द्या, असं म्हणून मी पुढं दोन महिने काढले.

आता अक्काचं सांगतो. अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. मला तिनंच वाढवलं. साखऱ्याच्या अलीकडं, रस्त्यालगतच्या एका वस्तीवर तिला दिली होती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पटकीत नवरा गेला. लेकरू नाही. घरात राहिले दोघं, अक्का अन् तिचा आंधळा सासरा. म्हाताऱ्याला सगळं तिच्या हातचं लागायचं. एकदा ती पंचमीला चार दिवस माहेरी आली, तर म्हाताऱ्यानं शेजारणीच्या भाकरीला बोट लावलं नाही. परत गेली तेव्हा भिंतीला टेकून मुकाट बसलेला. त्यानंतर अक्का एक रात्रही घर सोडून राहिली नाही. मी वैतागायचो. "म्हातारा तुला बांधून ठेवून राहिला," असं तोंडावर म्हणायचो. ती म्हणायची, "तू गप. तुला काय कळतंय?"

ज्वारीच्या कापणीचे दिवस. एका सकाळी ती विहिरीला निघाली असताना ज्वारीतून एक कुत्रं निघालं आणि तिच्या पोटरीला चावलं. तिनं जखमेत चुना-तिखट भरलं आणि रीतीप्रमाणं सात विहिरींत डोकावून आली. मला पत्ताच नाही. तिसऱ्या दिवशी ते कुत्रं फेस गाळत बांधावर मेलं, तेव्हा वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या बाईनं मोटार थांबवून मला सांगितलं. त्याआधी साखऱ्यात एक माणूस कुत्रं चावून मेलेला मी पाहिला होता. पाणी पाहिलं की ओरडायचा. चार माणसांनी त्याला खाटेला बांधला होता. ते मी अक्काला सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, "चल, बस मोटारीत."

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी जखम पाहिली. चौदा सुया, रोज एक, पोटात. "मधे खंड पडला तर माझ्या हातात काही राहणार नाही," असं त्यांनी अक्काकडं न बघता, माझ्याकडं बघून सांगितलं. दवाखाना दुपारी बाराला बंद व्हायचा.

मी म्हणालो, "अक्का, चौदा दिवस इथंच ऱ्हा. ओळखीच्याकडं सोय करतो."

"अन् मामंजी?"

"मी जाता-येता बघतो की."

"तुला भाकर थापता येती? रातचं त्यांना हाताला धरून बाहीर कोण नेईल? शेजारच्या हातचं ते खात न्हाईत, तुला ठाव हाय. रोज नेऊन आण मला. मोटार तर तुझीच हाय ना?"

रोज न्यायचं ठरलं. माझी मोटार म्हणून छाती फुगवत आलो होतो.

त्याच दुपारी मोटार मिस्त्रीकडं नेली. ती रोज वेळेत पोचायला हवी, तेव्हा कुठं मला थरथरीची आठवण झाली. मिस्त्री म्हातारा, दाढी मेंदीनं लाल, त्याला सगळे चाचा म्हणायचे. त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "पहले ये बता, हर चाल पर हिलती, या किसी एक चाल पर?"

"एकाच."

"तो बेरिंग नै. बेरिंग हर चाल पर रोती."

इंजन चालू ठेवून त्यानं लांब पेचकसाचं एक टोक इंजनाला लावलं आणि मूठ कानाला. इथं ऐकलं, तिथं ऐकलं. मग इंजन बंद करायला लावलं, पानदान उघडलं, बोटावर चुना घेतला आणि पुलीवर एक सरळ रेघ ओढली. आतल्या तुंब्यापासून रबरावरून थेट बाहेरच्या कड्यापर्यंत. "जा, कयाधूपर्यंत जाऊन ये," म्हणाला.

मी नदीपर्यंत गेलो आणि आलो. बॉनेट उघडलं. रेघ तुटलेली. तुंब्यावरचा तुकडा एकीकडं, कड्यावरचा त्याच्यापासून बोटभर गोल फिरून पुढं सरकलेला. रबरावरचा तर फिस्कटून गेलेला. चाचानं रबरात नख घातलं, तर काकवीसारखं काळं चिकट बोटाला आलं.

मग त्यानं पानदानाचं झाकण दोरीनं लोंबतं धरलं आणि पेचकस हाणला. झाकण ठणठणत राहिलं. त्यानं त्यावर बोट ठेवलं. आवाज बसला. "क्रँक को हर धक्के से मरोड पडती. ये कडा, ये रबर, ये वो उंगली है. उंगली हट गयी." तशी थरथर सोसत सोसत एक दिवस क्रँक तुटतो, म्हणाला. आणि लढाई चालू आहे तोवर दुसरा क्रँक कुठून येणार? क्रँक गेला की मोटार भंगारात.

नंतर त्यानं ते चिकट झालेलं बोट नाकाशी नेलं. "तेल से रबर गलता. तेल किसने डाला?"

"इंजनातून गळत असंल," मी म्हणालो. पटकन बोललो. एवढ्या पटकन बोललो तेव्हाच त्याला कळायला हवं होतं.

मालकाला बोलावलं. चाचा म्हणाला, मोटार उभी करा, पूर्णा-नांदेडकडं जुन्या मोटारींत अशी पुली शोधायला तीन आठवडे तरी लागतील. मालकानं माझ्याकडं पाहिलं. मी हात जोडले आणि अक्काच्या सुया सांगितल्या. तेल सांगितलं नाही. मालक चाचाकडं वळला आणि म्हणाला, "तुमीच सांगा काय करायचं ते." चाचानं मला दोन गोष्टी बजावल्या. थरथरीच्या चालीवर मोटार क्षणभरही रेंगाळू द्यायची नाही, नेहमी तिच्या खालीच ठेवायची. आणि रोज हिंगोलीत आलो की रेघ त्याला दाखवायची. कडं ज्वारीच्या दाण्याएवढं जरी तुंब्यावरून निसटून बाहेर आलं, तर तिथंच चावी काढायची.

तेव्हापासून मी तासभर लवकर निघायला लागलो. अंधुक उजेडात वस्तीपाशी अक्का उभी असायची, अंगावर घोंगडं. मोटार अशी चालायची की बैलगाडीवाला मागं वळून हसायचा. एक उतारू म्हणाला, "डायव्हरसाब, बैल जुपू का पुढं?" मी त्याला नरसीच्या अलीकडं रानात उतरवला. अक्कानं मला झापलं आणि त्याला परत बसवून घ्यायला लावलं.

"काहून एवढी हळू नेऊन राहिला?" तिनं तिसऱ्या दिवशी विचारलं.

"इंजनाला तकलीफ हाय."

"कशाची?"

"बायांनी इंजनाच्या चौकशा करू न्हाई," मी ओरडलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आठव्या-नवव्या सुईला तिचं पोट कडक झालं, सुजलं. धक्का बसला की ती दोन्ही हातांनी पोट धरायची, पण तोंडातून आवाज काढायची नाही. मी खड्डे चुकवायला जायचो तर चाल बदलायची, चाल सांभाळायला जायचो तर खड्डा लागायचा. मला रोज वाटायचं, हे रबर मी मारलं. आज क्रँक तुटला तर अक्काला मी मारली. आणि तरी तोंड उघडत नव्हतं. मालक हाकलून देईल ही भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज होती. सगळ्या रस्त्यानं शहाणा म्हणून मिरवलेला माणूस मी, मोटारीला बैलगाडीच्या कण्यासारखं वंगण घालत होतो हे कुणाला सांगणार?

संध्याकाळी परतताना म्हातारा वस्तीच्या तोंडाशी रस्त्यावर येऊन उभा असायचा. मोटारीचा आवाज त्याला लांबूनच कळायचा. अक्का उतरली की तो तिच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि दोघं घराकडं जायची. मला तेव्हा त्याचा रागच यायचा.

अकराव्या दिवशी हिंगोलीत चाचाकडं जायच्या आधी मी स्वतः बॉनेट उघडून पाहिलं. रेघ दोन बोटं फाकली होती आणि कडं तुंब्यावरून बाहेर आलं होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं नक्की, कदाचित जास्तच. अजून तीन सुया राहिल्या होत्या. मी इकडं-तिकडं पाहिलं, चिंधीनं रेघ पुसली, कडं हातानं ठोकून मागं सारलं, माझ्या बटव्यातला चुना काढला आणि नवी रेघ ओढली. बोटभर फाकलेली, रोजच्यासारखी.

चाचा वाकून बघत बसला. "आज कम सरका," म्हणाला. मग माझ्याकडं पाहून, "अच्छा चलाते मियाँ." मी मान खाली घालून निघून आलो.

तेराव्या दिवशी नरसीच्या अलीकडच्या चढाला आलो. मेंढरांचा कळप आडवा आला. मोटार थांबवली असती तर चढावर पुन्हा उचलणं जड गेलं असतं, म्हणून खालच्या गिअरात इंजन गुरगुरतं ठेवून रेंगाळत ठेवली. नेमकी त्याच चालीवर. चाक हातात नाचायला लागलं. मेंढरं संपेनात. मग पुढून घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला, आणि काचेवर कढत पाणी उडालं. मी चावी काढली. कडं तुंब्यावरून सुटून रेडिएटरच्या जाळीत घुसलं होतं. क्रँकला हँडल लावून हळूच फिरवलं. क्रँक शाबूत होता. पण मोटार तिथंच संपली.

उतारू खाली उतरले. अक्का उतरली, सूर्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "चल. पायानं." नरसीपर्यंत आम्ही चालत गेलो. ती पुढं आणि मी मागं. तिथं एका व्यापाऱ्याचा टांगा हिंगोलीला निघाला होता, त्याच्या पाया पडलो. दवाखान्याचा शिपाई दाराला कडी घालत होता तेव्हा आम्ही पोचलो. डॉक्टरसाहेबांनी कोट काढून परत हात धुतले. तेरावी सुई झाली.

बाहेर पायरीवर बसल्यावर अक्काला रडू आलं. सुयांसाठी नाही. "आज मामंजी रस्त्यावर हुबे ऱ्हातील," म्हणाली. "मोटार येनार न्हाई. उपाशी बसतील. मी जाते चालत."

"अन् उद्याची सुई?"

ती उठायलाच लागली. तेव्हा मी तिचा हात धरला आणि सांगून टाकलं. काळं तेल, शनिवार, पुसलेली रेघ, सगळं. "मोटार मी मोडली, अक्का. आता तू गेलीस अन् सुई चुकली, तर मला जगता यायचं न्हाई." मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "बापानंबी तसंच केलं असतं," आणि खाली बसली.

ती रात्र तिनं दवाखान्याच्या पडवीत काढली. मी दुपारीच चाचाकडं जाऊन आलो होतो, मालकही तिथंच होता. मी बोलायला लागलो तर चाचानं हात वर केला. "इंजन का तेल पीछे से गळता, सामने रबर में नै भरता. पहले दिन मालूम था. और वो रेघ... मेरा चुना सफेद, तेरे चुने में तंबाखू." मग तोपर्यंत गप्प का राहिलात, असं मी विचारलं. तो म्हणाला, "बहन की चौदा सुई थी ना." मालकानं मला महिनाभर मोटारीवरून उतरवलं. पुढं चाचानं पूर्णेहून जुनी पुली आणली, रेडिएटरची जाळी डाग देऊन जोडली आणि मोटार रस्त्यावर आली. तो महिनाभर मी त्याच्याकडं पाने-पेचकस घासत बसलो. पुलीमधल्या रबराला पुन्हा तेलाचं बोट लावलं नाही.

चौदावी सुई दुसऱ्या दिवशी सकाळीच झाली. बैलगाडी मिळाली, आणि उन्हं उतरताना वस्ती दिसायला लागली. रस्त्यावर म्हातारा नव्हता. अक्कानं गाडी थांबायच्या आतच उडी घेतली आणि पोट धरून पळायला लागली. मी मागं. माझ्या डोळ्यांपुढं नको नको ते यायला लागलं.

दारातच ती थांबली. आत चूल पेटली होती. म्हातारा चुलीपुढं बसून परातीत भाकर थापत होता. कड बोटांनी चाचपत, फिरवत, अगदी सराईत हातानं. उचलली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. भाकर गोल होती. टोपलीत आधीच्या दोन होत्या, कुठं करपलेल्या नाहीत.

पावलं ओळखून त्याचे हात थांबले.

"झाली का गं चौदावी?"

"झाली." अक्कानं टोपलीतली भाकर उचलून पाहिली. "मामंजी, तुमाला भाकर येती?"

म्हाताऱ्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"पंचमीला गेले तवाबी तुमीच करून खाल्ली?"

त्यानं मान हलवली. "व्हय."

"मग काहून सांगितलं न्हाई? चौदा दिस मी पोट धरून धक्के खाल्ले. ह्यानं मोडकी मोटार हाकली. मी तिथंच ऱ्हायले असते."

तव्यावरची भाकर करपायला लागली, ती त्यानं हातानंच उलटली. मग चुलीकडं तोंड करून म्हणाला, "माझं पोरगं ऱ्हायलं न्हाई. तुला लेकरू न्हाई. आंधळ्याला सगळं येतं म्हनल्यावर तू कशाला परत आली असतीस, पोरी?"

मी दारात उभा होतो. चौदा दिवस ज्याला मनात शिव्या दिल्या, त्याला आता बोलायला माझ्याकडं तोंड नव्हतं. मी तरी वेगळं काय केलं होतं?

अक्कानं घोंगडं खुंटीला लावलं. "मामंजी," ती म्हणाली, "मी जाऊन जाऊन कुठं जानार होते?"

म्हातारा रडायला लागला. आवाज न करता, पिठाचे हात तसेच गुडघ्यांवर ठेवून. मला वाटलं, ती आता त्याला उठवील, परात आपल्यापुढं ओढील. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "थापा अजून एक. भूक लागली मला." नांदायला आल्यापासून त्या घरात तिला दुसऱ्या कुणी भाकर करून वाढली, ती पहिलीच.